मस्टरवर नाव नसलेल्या बाया



आपल्या भागातल्या कोणत्याही गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "तुमच्या घरचं मुंबईला कोण होतं?" 'कोणीच नाही' असं उत्तर क्वचितच मिळेल. कुणाचा चुलता लालबागला, कुणाचा मामा परळला, कुणाचा थोरला भाऊ डिलाईल रोडला. कॅनॉलचं पाणी आणि कारखान्याची चिमणी दिसायच्या आधी सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू घरांना गिरणीच्या पगाराचा मोठा आधार होता. महिन्याची मनीऑर्डर आली की वाण्याची उधारी फिटायची आणि पोरांची फी भरली जायची.

हा मुंबईवाला गडी बहुतेक एकटाच राहायचा. बायकापोरं गावी, आणि तो तिकडे एका गाळ्यात पंधरा-वीस जणांबरोबर. एक पाळी कामावर गेली की दुसऱ्या पाळीनं त्याच जागेवर वळकटी पसरायची. मग या हजारो गड्यांना दोन वेळा जेवू कोण घालत होतं? आपल्या गप्पांत याचं उत्तर 'खाणावळवाली बाई' एवढ्यावर संपतं. तिचं नाव कुणी सांगत नाही, कारण ते कुठल्या वहीत लिहिलेलंच नव्हतं.

स्त्रियांवरच्या अन्यायाविषयी बोलताना आपण हुंडा, मारहाण, दारू यांच्याविषयी बोलतो आणि ते बोललंच पाहिजे. पण संस्थांमधला अन्याय असा ओरडून होत नाही. तो मस्टरवर, बँकेच्या खात्यावर, भाड्याच्या पावतीवर आणि शेअर दाखल्यावर मुकाट्यानं बसलेला असतो. वहीत नाव नसलं की माणसाचं काय होतं आणि ते आलं की काय बदलतं, हे या लेखात पाहायचं आहे. हकिगत गिरणगावची आहे, पण ती शेवटी आपल्याही दारात येते.

पाचातली एक होती, ती कुठे गेली?

गिरणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष कामगार येतो. पण १९२० ते १९३० च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग ही खाती मुख्यतः बायकांची. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई असे, तिला नायकीण म्हणत. या बाया मुकाट राबत होत्या असंही नाही. मजुरी कापली की त्या संपात उतरत. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा पुढारी बाया याच गिरणगावात घडल्या.

१९७० नंतरची स्थिती पाहिली तर गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आलेलं दिसतं. पन्नास वर्षांत एवढ्या बाया गेल्या कुठे? कुणी एके दिवशी फर्मान काढून त्यांना हाकललं नाही. कारणं एकेक करून आली आणि प्रत्येक कारण ऐकायला रास्तच वाटेल असं होतं.

बाळंतपणाच्या भत्त्याचंच घ्या. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात या विषयाचं बिल आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. कायदा न्यायाचाच होता. पण भत्ता मालकानं द्यायचा असल्यामुळे काही मालकांनी सोपा हिशोब केला: बाई कामावर ठेवायचीच नाही, म्हणजे भत्ता देण्याचा प्रश्नच नाही. रात्रपाळीचंही तसंच झालं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कामावर ठेवायला मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. पण गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या आणि तिसऱ्या पाळीला न चालणारा कामगार मालकाला अडचणीचा वाटू लागला. पुढे नवी यंत्रं आली, रिळिंग बंद होत गेलं, आणि नव्या वाइंडिंग मशीनवर पुरुष उभे राहिले.

यात कामगार संघटनांचाही वाटा आहे, तो झाकून चालणार नाही. कुटुंब पोसायचं काम पुरुषाचं, बाईची मजुरी ती वरकड, ही समजूत मालकाची होती तशी पुढाऱ्यांचीही होती. नोकरकपात टळत नाही असं दिसलं की 'निदान घरच्या कर्त्याची तरी वाचू दे' असं म्हटलं जाई. कर्ता कोण, हे मात्र आधीच ठरलेलं होतं. विधवा बाई, नवऱ्यानं टाकलेली बाई, आजारी नवऱ्याचं घर ओढणारी बाई, या सगळ्या 'कर्त्या'च्या व्याख्येबाहेर राहिल्या.

खोली दहा बाय बाराची, पंगत वीसाची

गिरणीचं दार बंद झालं म्हणून चूल थांबत नाही. ज्यांच्या घरी पुरुषाचा पगार पुरत नव्हता किंवा पुरुषच नव्हता, अशा कितीतरी बायांनी खाणावळ घातली. चाळीतली एक खोली, तिच्यात स्वतःचा संसार, आणि जेवायला दहा, पंधरा, वीस गडी.

पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी ही बाई उठायची. पहिल्या पाळीवाल्यांचे डबे सकाळीच भरायचे. ती पाळी सुटून येते तोवर दुसऱ्या पाळीचं जेवण उरकायचं. रात्रपाळीवाल्याचं ताट वेगळं झाकून ठेवायचं. घाटावरच्या गड्याला भाकरी आणि तिखट कोरड्यास लागायचं, कोकणातल्याला भात आणि मासळी. ज्या दिवशी गडी जेवला नाही त्याचा 'खाडा' धरायचा आणि महिनाअखेर तो वजा करायचा. लिहिता न येणाऱ्या बायाही हा सगळा हिशोब तोंडपाठ ठेवायच्या.

पैसे मिळायचे गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर महिनाभराचं धान्य, तेल, रॉकेल उधारीवर. उधारीचा वाणी भाव चढा लावायचा. नड भागली नाही तर सावकार, आणि त्याचं व्याज असं की मुद्दल तसंच राहून बाईचं मंगळसूत्र जायचं. वीस माणसांना उपाशी न ठेवणारी बाई स्वतः कायमची कर्जात.

हा धंदा होता. त्यात भांडवल होतं, उलाढाल होती, गिऱ्हाईक बांधलेलं होतं. पण सरकारदरबारी ती कामगार नव्हती, कारण तिला मालक नव्हता. ती व्यापारी नव्हती, कारण तिच्यापाशी दुकानाचा परवाना नव्हता. खोलीची भाड्याची पावती बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. खानेसुमारीवाला दारात आला तर घरचाच कुणीतरी सांगायचा, "ती घरीच असते, काही करत नाही."

बँकेच्या दारात

१९६९ साली मोठ्या १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गरिबाला बँकेचं दार उघडलं असं सांगितलं गेलं. पण खाणावळवाली त्या दारात गेली तर पहिला प्रश्न व्हायचा, "तुमचे मालक कुठं आहेत?" दुसरा प्रश्न, "तारण काय?" आणि तिसरा, "जामीन कोण?" तिन्ही प्रश्नांना तिच्याजवळ उत्तर नव्हतं. वीस गडी महिन्याच्या महिन्याला तिच्या हातावर पैसे ठेवतात, ही पत बँकेच्या छापील अर्जात बसत नव्हती.

त्या वर्षांत मुंबईतल्या बाया रस्त्यावर यायला लागल्या होत्या. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं निघालेले लाटणं मोर्चे जुन्या मंडळींना आठवत असतील. तेल, साखर, रॉकेल यांच्या टंचाईनं बेजार झालेल्या बाया हातात लाटणी घेऊन मंत्र्यांना जाब विचारत होत्या. चुलीपुढचं दुखणं चारचौघांत मांडता येतं, ते राजकारणच आहे, हे त्या मोर्चांनी दाखवून दिलं.

याच काळात गिरणगावात काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्यांचा प्रश्न हाती घेतला. गोवा मुक्ती लढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत मुरलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एकटीला तारण नाही, पण दहाजणी मिळून एकमेकींच्या जामीन राहिल्या तर तेच तारण. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात जातील, कारण त्यांचंही पुढचं कर्ज अडणार असतं. बँक ऑफ बडोदानं या पद्धतीनं कर्ज द्यायला सुरुवात केली. बचत गट हा शब्द आज गावोगाव आहे, पण त्याच्या कितीतरी आधी लालबाग-परळच्या चाळींत हे घडलं.

रकमा लहान होत्या. तरी फरक मोठा पडला. बाईनं धान्य रोखीनं घाऊक आणलं, वाण्याचा चढा भाव वाचला, सावकार सुटला. आणि कर्जाचं पासबुक तिच्या नावाचं झालं. जन्मात पहिल्यांदा एका छापील कागदावर तिचं नाव कुणाची बायको, कुणाची आई असं न येता स्वतःचा धंदा करणारी बाई म्हणून आलं. सही करायला शिकणं हाही मंडळाच्या कामाचा भाग बनला. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

संपात कुणाचं नुकसान मोजलं?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष उलटून गेलं तरी संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. आपल्याकडे ते दिवस पुष्कळांना आठवतात. गावोगावी मुंबईवाले परत आले, कोणी शेतात राबले, कोणी उसाच्या तोडीला गेले.

गडी गावी गेले आणि खाणावळी ओस पडल्या. मागची बाकी बुडाली. तरीही पुष्कळ बायांनी गाळ्यात उरलेल्या संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं. दुसरीकडे कामगारांच्या बायकांनी धुणीभांडी, शिवणकाम, भाजी विक्री, मिळेल ते काम करून घरं धरून ठेवली. संपाची हानी मोजताना बुडालेले पगार, बंद माग, न निघालेलं कापड यांचे आकडे मांडले गेले. खाणावळवालीची बुडालेली बाकी कोण मोजणार?

पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. मोठ्या लढ्यानंतर गिरणी कामगारांसाठी घरांची योजना झाली. तिचा हक्क गिरणीच्या नोंदीत असलेल्या कामगाराला आणि त्याच्या वारसाला. यात गैर काही नाही, कामगारानं ते घामानं कमावलं आहे. पण त्याच कामगाराला वीस-वीस वर्षं जेवू घालणारी बाई या यादीत असणं शक्यच नव्हतं. नाव ही नुसती मानाची बाब नाही. यादीत नाव असलं तर घर, नसलं तर काही नाही, एवढा तो रोकडा प्रश्न आहे.

गिरगावातल्या सातजणी

आता उलट बाजूचं उदाहरण पाहू. गिरणगावापासून दक्षिणेला थोड्या अंतरावर गिरगाव. तिथल्या लोहाणा निवास या इमारतीत १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या, ज्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवल म्हणून छगनलाल पारेख या सामाजिक कार्यकर्त्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. हेच पुढचं लिज्जत पापड, म्हणजे श्री महिला गृह उद्योग.

आपल्यासारख्या सहकारातल्या माणसांनी या संस्थेची घटना ध्यानात घ्यावी. देणगी घ्यायची नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. काम करणारी बाई हीच सभासद आणि हीच मालकीण. नफा-तोटा सगळ्यांचा. सकाळी शाखेतून भिजवलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवून परत आणायचं आणि मजुरी घ्यायची. पुरुष हिशेबनीस आहेत, ड्रायव्हर आहेत, पण पगारी नोकर म्हणून. सभासद होता येत नाही आणि कारभारी मंडळात बसता येत नाही. आज या संस्थेत चाळीस हजारांहून जास्त बाया आहेत.

ही संस्था सहकारी कायद्याखाली नोंदलेली नाही, सोसायटी म्हणून नोंदलेली आहे. पण 'राबेल तो मालक' हे सहकाराचं मूळ तत्त्व तिथं पुरेपूर पाळलं जातं. पापड लाटणं हे बायकांचंच काम आहे, त्यात क्रांती ती काय, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण काम तेच, लाटणं तेच. फक्त वहीत नाव कुणाचं, हे बदललं आणि त्याबरोबर घरातली तिची जागाही बदलली.

आता आपली वही उघडू

आता या लेखाचा कठीण भाग. उसाच्या शेतात बाई काय करत नाही? बेणं तोडणं, कांड्या लावणं, भांगलण, खत टाकणं, तुटलेल्या फडात पाचट आवरणं. खोडव्याची निगा तीच ठेवते. गडी पुण्या-मुंबईला नोकरीला असला तर पाण्याची पाळीही तीच धरते. पण सातबारा त्याच्या नावावर. सातबारा त्याचा म्हणून शेअर त्याचा. शेअर त्याचा म्हणून उसाची नोंद, बिल, सवलतीची साखर, वार्षिक सभेची नोटीस, मत, सगळं त्याचं. एका कागदामागे दुसरा कागद चालतो. कारखान्यानं 'बायकांना सभासद करू नये' असा नियम कधीच केला नाही आणि करायची गरजही पडली नाही.

फडातली गोष्ट याहून बिकट. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दोघांचे चार हात, पण हिशोबाला एकच नग. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडते दोघांची मेहनत. तिथंही 'खाडा' हा शब्द आहे. खाणावळीत खाडा धरला की गड्याचे पैसे वाचायचे, फडात खाडा धरला की बाईचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा पडू नये म्हणून गर्भपिशवी काढून घेतलेल्या बायांचा प्रश्न बीड जिल्ह्यातून पुढे आला, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. ती तोडणी कामगार बाई कोणत्या तरी कारखान्याच्या हद्दीतच राबत असते, हे आपण विसरता कामा नये.

कायदा मात्र पुढे गेला आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम चालवली. तिच्यात हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ग्रामपंचायतीत आज महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर मात्र राखीव जागा फक्त २, आणि मंडळ २१ जणांपर्यंतचं असू शकतं. राखीव जागेवर निवडून येणाऱ्या भगिनींना बैठकीत किती बोलू दिलं जातं, हे ज्याचं त्यानं मनाशी विचारावं.

आणि बहिणीनं हक्कसोड लिहून दिली नाही तर माहेर तुटतं, ही रीत तर आपल्या सगळ्यांच्या घरातली. साडीचोळीवर एकराची किंमत वसूल करणारे आपणच आहोत.

करता येण्यासारखं

भाषणं पुष्कळ झाली. सभासदानं स्वतःच्या घरात करता येतील अशा चार गोष्टी सुचवतो.

१. आपला शेअर दाखला काढून पाहावा. त्यावर वारस म्हणून कोणाची नोंद आहे? पुष्कळांच्या दाखल्यावर नोंदच नसते, किंवा जुनी, वारलेल्या माणसाची असते. नवरा गेल्यावर बाईला कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात त्या इथूनच सुरू होतात. शेअर खात्यात चौकशी करून ही नोंद दुरुस्त करून घ्यावी.

२. जमीन बेताची असली तरी बायकोचं नाव सातबाऱ्यावर घेण्याचा विचार करावा. तिच्या नावे क्षेत्र झालं म्हणजे ती स्वतंत्र सभासदत्वासाठी अर्ज करू शकते. नुसत्या जोड नावानं पुरे होत नाही, कारण मताचा हक्क पहिल्या नावाकडे असतो.

३. ज्या भगिनी आजच सभासद आहेत त्यांनी वार्षिक सभेला स्वतः यावं. मुलाला किंवा दिराला पाठवून सही करू नये. आणि पुरुष सभासदांनी त्यांना बसायला पुढची जागा द्यावी, मंडपाच्या कडेची नव्हे.

४. तोडणीचा हिशोब होताना कोयत्यामागे दोघांची नावं लिहावीत, असा आग्रह आपण सभासदांनी वार्षिक सभेत धरावा. याला खर्च येतो तो एका ओळीच्या शाईचा.

"नाव लागून काय मोठं होणार? घरातलंच तर आहे सगळं," असं पुष्कळजण म्हणतील. लालबाग-परळच्या खाणावळवाल्यांनाही सगळे असंच म्हणत होते. गिरण्यांच्या वह्या आता बंद झाल्या, त्यात कुणाचं नाव घालायचं राहून गेलं ते आता घालता येत नाही. आपल्या कारखान्याची सभासद वही अजून उघडी आहे.